शेवटच्या आठवड्यातली हजेरी

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी कुणी धाडसी बाई होते असा गैरसमज नको. पाल दिसली की मी खुर्चीवर. नवऱ्याने गाडी शंभराच्या वर नेली की माझा पाय नसलेल्या ब्रेकवर. अशा बाईवर बी.एड.च्या सरावपाठांसाठी ओमानच्या पार खाली, वाळवंट ओलांडून समुद्राला लागलेल्या एका गावात सत्रभर एकटीने राहायची वेळ आली. देवाला विनोदाची हौस असते, दुसरं काय.

नवरा सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात. मी त्याच्या व्हिसावर बरीच वर्षं घरात बसून काढली, मग एक दिवस कंटाळून पत्राने बी.एड. करायला घेतलं. परीक्षा दिल्या, पास झाले, आणि सरावपाठांपाशी गाडी अडली. सोहारच्या शाळा म्हणाल्या आमच्याकडे आमच्याच बाया रांगेत आहेत. मस्कतच्या शाळांनी तर ईमेलला उत्तरही दिलं नाही. ‘या’ म्हणणारी एकच शाळा निघाली, आणि ती ही. वर राहायला खोलीसुद्धा देत होती. नवऱ्याने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तू शिकवायला चालली आहेस की अंदमानला?" मी हसले, पण बॅग दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली.

गाव म्हणजे मासळीचं बंदर, बर्फाचा कारखाना, कामगारांचे कॅम्प, एक मशीद आणि दोन-तीन दुकानं. मासळीच्या कंपन्यांत आपले लोक कामाला, म्हणून त्यांच्या मुलांसाठी भारतीय शाळा. शाळा कसली, पत्र्याच्या केबिनी एका ओळीत मांडलेल्या आणि भोवती कुंपण. समुद्रावरून वारा सुटला की केबिनी कण्हायच्या. पहिले काही दिवस मी शिकवता शिकवता छताकडे बघायचे. मुलं बघायची नाहीत, त्यांना सवय होती.

पहिलीच्या वर्गाच्या बाई केरळच्या. कित्येक वर्षं इथे काढलेल्या, आवाज न चढवता वर्ग गप्प करणाऱ्या. मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. त्यांनी पहिल्याच सकाळी मला खिडकीजवळच्या बाकाकडे नेलं. तिथे एक छोटीशी मुलगी बसली होती, सहा वर्षांची, डोक्याला घट्ट रुमाल, मांडीवर दोन्ही हात. "तुमच्याकडची आहे," बाई म्हणाल्या. "शाळा सुरू झाल्यापासून तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. आता तुम्ही बघा."

त्या शाळेची ही पद्धतच होती. नवीन मूल इंग्रजीपुढे बावरलं की त्याच्या भाषेचं कुणीतरी शोधून शेजारी बसवायचं. मल्याळी पोराला मल्याळी पोर, तेलुगूला तेलुगू. महिन्याभरात दोघं मिळून इंग्रजीत भांडायला लागत. या मुलीच्या भाषेचं मात्र अख्ख्या शाळेत कुणी नव्हतं. मग मी आले, आणि मलाच, एवढ्या मोठ्या बाईला, बाकाच्या टोकाला बसवण्यात आलं.

मुलगी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली. बाप बर्फाच्या कारखान्यात, तो इथे जुना. आई आणि ती त्याच उन्हाळ्यात आलेल्या. मी तिच्याकडे वाकून हळूच विचारलं, "पाणी हवं का ग?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतच बोलली. मग माझ्या ओढणीचं टोक धरलं, मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली, "मना हवा." सांगते, त्या दिवशी मला त्या गावाची भीती पहिल्यांदा थोडी कमी वाटली.

त्यानंतर ती बोलतच राहिली. माझ्या कानात. बोटीवरच्या मांजराबद्दल, आईच्या बांगड्यांबद्दल, समोरच्या पोराने तिचं खोडरबर चावलं त्याबद्दल. आणि मी मान वर करून जाहीर करायचे, "मॅम, ती म्हणते आहे तिला बाथरूमला जायचंय." "मॅम, ती म्हणते आहे उत्तर सात." हजेरीच्या वेळी बाईंनी तिचं नाव घेतलं की ती माझ्या कानात ‘प्रेझेंट’ पुटपुटायची आणि मी मोठ्याने म्हणायचे, "प्रेझेंट, मिस." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे. मला वाटत होतं, चाललंय ते झकास चाललंय.

शेवटच्या आठवड्यात, रविवारी (इकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची), शाळा उघडल्या उघडल्या प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. सर निवृत्तीला आलेले, अगदी सभ्य. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मला चहा मागवला गेला की भीतीच वाटते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही गुरुवारी जाणार. तुमचं काम छान झालं. पण त्या मुलीचं पुढे काय?"

मी म्हटलं, "सर, हुशार आहे ती. सगळं येतं तिला."

"तुम्हाला माहीत आहे तिला येतं. आणखी कुणाला माहीत आहे?" सर म्हणाले. "माझ्याकडे मोजकी माणसं आणि एक बस. उद्या हिच्या पोटात दुखलं, ही कुठे मागे राहिली, तर ही कुणाला सांगणार? हाक मारता न येणारं मूल मी कुणाच्या भरवशावर ठेवू? गुरुवारपर्यंत तिने तुमच्याखेरीज इथल्या एकाशी तरी बोलायला हवं. एक शब्द बोलली तरी चालेल. नाही बोलली तर मला तिच्या वडिलांना बोलवावं लागेल."

वडिलांना बोलवणं म्हणजे काय ते मला कळत होतं. त्या किनाऱ्यावर दुसरी भारतीय शाळा नव्हती. सगळ्यात जवळची गाठायलाच अर्धा दिवस. म्हणजे मायलेकींनी गाशा गुंडाळून गावी जायचं आणि बापाने पुन्हा कॅम्पमधल्या खाटेवर. चहा तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. नेहमी जायचे, आईच्या हातचा चहा प्यायला. घरात मुलीचं तोंड म्हणजे गिरणी, थांबायचं नाव नाही. आई हसत म्हणाली, "बघा टीचर, हिचा तोंड घरात बंद होत नाय. लग्न झाल्यापासून माजा निम्मा संसार फोनवरच झाला हो. आता कुठं तिघा एकत्र जेवताव." मी सांगायला गेले होते, सर काय म्हणाले ते. "छान आहे," एवढंच म्हटलं आणि पळाले.

सोमवारी मी मुलीला समजावलं. गोड बोलून, चॉकलेटचं आमिष दाखवून, हातापाया पडून. "मी गुरुवारी जाणार ना बाळा, मग तू बाईंना सांगायचं. मला सांगतेस तसंच." तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कानात म्हणाली, "तुमीच सांगा." झालं. मी त्या बाकाच्या टोकाला बसून गुरुवारपर्यंतचे दिवस मोजत राहिले.

मधल्या सुट्टीत केरळच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचं बोलणं नेहमीच थेट, साखर नाही. "ती तुमच्या तोंडाने बोलते आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आहात तोवर तिला स्वतःचं तोंड उघडायची गरजच नाही. चूक माझीही आहे, मीच तुम्हाला तिथे बसवलं. उद्यापासून तुम्ही मागे बसा. ती आली तर तुम्हाला तिची भाषा येत नाही असं समजा."

"आणि नाहीच बोलली तर?" मी विचारलं.

"रविवारी ती तशीही एकटीच असणार आहे. निदान उद्या तुम्ही खोलीत तरी असाल."

त्यांचं खरं होतं, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षांच्या पोरीला, जिला अख्ख्या शाळेत एकच माणूस आहे, तिला त्या माणसाने ओळखच दाखवायची नाही? नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझ्याच्याने नाही होणार. तू भाजीवाल्याकडे उरलेले पैसे मागू शकत नाहीस." मी फोन ठेवून दिला. मला राग आला होता, कारण मलाही तेच वाटत होतं.

मंगळवारी मी मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसले. हजेरी सुरू झाली. तिचं नाव आलं. ती मागे वळली, माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. मी माझ्या वहीत बघत राहिले. बाईंनी पुन्हा नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "अॅब्सेंट," आणि पुढच्या नावाकडे गेल्या. मुलगी माझ्याकडे बघतच होती. मग ती उठली, सरळ माझ्यापाशी आली, ओढणी धरली आणि कानात म्हणाली, "मिस, मी हाय ना."

मी तिच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हटलं, "टेल मॅम." माझा आवाज मला ओळखू येईना. तिने पुन्हा तेच म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिच्या हातातली ओढणी हळूहळू सुटली. ती जाऊन जागेवर बसली. ती रडली असती तर मी नक्की विरघळले असते. ती रडली नाही, म्हणून मी बसून राहिले.

मधली सुट्टी संपली आणि ती दिसेना.

आधी वाटलं बाथरूम. तिथे नाही. मग झोपाळ्याजवळ, मग बाकीच्या केबिनींत, मग ऑफिसात. बाई शांतपणे शोधत होत्या, मी वेड्यासारखी पळत होते. मग माझं लक्ष फाटकाकडे गेलं. पाण्याचा टँकर नुकताच टाकी भरून निघून गेला होता आणि फाटक सताड उघडं. बाहेर ट्रक जायचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लगेच धक्का. धक्क्याला कठडा नाही, खाली खोल काळं पाणी. मला ब्रह्मांड आठवलं.

मी तशीच चप्पल न घालता पळाले. ट्रकवाल्याने हॉर्न मारला, काहीतरी ओरडला. धक्क्यावर दोन ओमानी म्हातारे जाळं विणत होते. मी हाताने मुलीची उंची दाखवली, डोक्यावरचा रुमाल दाखवला. तोंडातून मराठी, हिंदी, इंग्रजी एकदमच बाहेर पडत होतं. ते उठून माझ्याबरोबर पाण्यात बघायला लागले. हाक मारायला म्हणून तोंड उघडलं आणि मग मनात आलं, हाक मारून उपयोग काय. ती ओ देणार आहे थोडीच. ज्या एका बाईला ती ओ द्यायची, त्या बाईने आज सकाळी तिला ओळखलं नाही. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते आणि पुढेही घाबरू नये.

तेवढ्यात शाळेच्या बाजूने हॉर्न वाजला. ट्रकचा नव्हे, बसचा. एकदा वाजला, थांबला, मग लांबलचक वाजत राहिला.

शाळेची बस कुंपणाला लागून उभी असते. ड्रायव्हरने मधल्या सुट्टीत ती झाडली, कुलूप लावलं आणि तो समोरच्या मशिदीत गेला. फेरी झाली की मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं हा नियम आहे, आणि तो पाळतोही. पण झाडून झालेल्या रिकाम्या बसमध्ये कोण बघतं? तो केर टाकायला गेला तेवढ्यात ही चढली असणार, मागच्या सीटखाली जाऊन बसली असणार. घरी नेणारी एकच गोष्ट तिला ठाऊक होती, ती बस. ऑक्टोबर संपत आला तरी इकडे दुपारी पत्रा भाजतो. काचा सगळ्या बंद. मुलांना इकडच्या शाळांत शिकवतात, बसमध्ये अडकलात तर पुढे जाऊन हॉर्न दाबा. मी पोचले तेव्हा स्टिअरिंगच्या वर तिचा रुमाल दिसत होता आणि ती दोन्ही तळहात लावून अख्ख्या अंगाने हॉर्न दाबत होती.

ड्रायव्हर मशिदीतून अनवाणी धावत आला. कुलूप उघडलं. बाई पोचल्या, सरही पोचले. ती दारात उभी राहिली, लाल झालेली, घामाने केस गालाला चिकटलेले. मी सगळे नियम विसरले. खाली बसले, हात पसरले आणि मराठीत म्हटलं, "ये बाळा, ये इकडे. काही नाही झालं. मी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पायरी उतरली, माझ्या हाताच्या बाजूने गेली, बाईंपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वॉटर, मिस."

मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "कम," असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि तिला पाण्याच्या नळाकडे घेऊन गेल्या. सर रुमालाने मान पुसत होते. "बोलली," ते म्हणाले. "बोलली ना? खलास. आता मी कुणाला बोलवत नाही." ड्रायव्हर पायरीवर बसून रडत होता. त्याची स्वतःची तेवढीच मुलगी आहे पेशावरला. मी वाळूतच बसून होते, हात अजून पसरलेलेच, ते मागे घ्यायचं सुचलं नाही.

बुधवारी हजेरीला तिचं नाव आलं आणि तिने "प्रेझेंट, मिस" म्हटलं. खिडकीकडे बघून म्हटलं, पण म्हटलं. त्याच दिवशी माझा शेवटचा पाठ होता. पुण्याहून परीक्षक मॅडम व्हिडिओवर होत्या आणि नेट दर दोन वाक्यांनी अडकत होतं. पाठ कसा झाला मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी प्रश्न विचारल्यावर तिने शेजारच्या पोराला कोपराने ढोसलं आणि त्याच्याशी काहीतरी कुजबुजली, माझ्याशी नाही. मॅडम म्हणाल्या, "मुलांमध्ये संवाद छान आहे." मी पास झाले.

खूश व्हायला हवं होतं. बाई म्हणाल्यासुद्धा, "आता तरी हसा." पण माझी भीती गेलीच नव्हती, फक्त तिने जागा बदलली होती. मला वाटायचं, मी आता चुकून जवळ गेले, एक शब्द मराठीत बोलले, तर ही पुन्हा ओढणी धरेल आणि सगळं मुसळ केरात. म्हणून मी लांबच राहिले. ती पाणी मागायला बाईंकडे जायची तेव्हा मी पाठ फिरवून फळा पुसायचे. एकच फळा किती वेळा पुसला कोण जाणे.

गुरुवारी दुपारी नवरा गाडी घेऊन आला, इतकं लांब एकटाच चालवत, डोळे लाल करून. सामान भरत होतो तेवढ्यात शाळेच्या फाटकातून मुलीची आई आली, हातात डबा, मागे मुलगी. "घावन हाय टीचर, वाटेत खावा," ती म्हणाली. मी डबा घेतला. ती जाईना. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "एक इचारू का, रागावू नका. पोरगी दोन दिस रोज म्हनते, मिस माज्याशी बोलत नाय. तिचा काय चुकला काय हो टीचर?"

सांगायचं काय, आणि कुठून सुरू करायचं? मुलगी आईच्या मागे उभी, एक डोळा तेवढा बाहेर. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडात सगळं मराठीतच होतं, तिच्याच भाषेत, अगदी ओठांवर. बाळा, तुझं काहीच चुकलं नाही. बाई फाटकापाशी उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. रविवारी सकाळी या मुलीला त्या वर्गात एकटीने बसायचं होतं.

"चुकलं नाही," मी आईला म्हटलं, एवढंच. "छान मुलगी आहे." मग खाली वाकले आणि मुलीला इंग्रजीत म्हणाले, "बाय."

ती आईच्या मागून बाहेर आली. इतरांना म्हणते तसंच, स्पष्ट, नीट, शाळेतल्या आवाजात ती म्हणाली, "बाय, मिस." आईने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी गाडीत बसले आणि नवऱ्याला म्हटलं, चल.